एकशे चार नोटा

मक्याच्या बियाण्याची पिशवी होती ती. जाड प्लास्टिकची, चार घड्या घातलेली, वरून सुतळी गुंडाळलेली. नाशिकच्या दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या बाहेर जिथे पिकअप आणि 'छोटा हत्ती' टेम्पो उभे राहतात, तिथे कडेच्या चिखलात पडली होती. वसुबारस चार दिवसांवर आलेली. संध्याकाळी लिलाव आटोपले की तिथे भाजी स्वस्त मिळते, म्हणून दुकान बंद करून मी आठवड्यातून एकदा तिकडे जाते. मेथीच्या दोन जुड्या आणि किलोभर टोमॅटो घेऊन गाडीकडे वळले आणि पाय नेमका पिशवीवर पडला. पायाखाली काहीतरी जाडसर लागलं, म्हणून वाकले.

सुतळी थोडी सैल करून आत डोकावले, तर पाचशेच्या नोटा. आजूबाजूला माणसांची ही गर्दी. कोथिंबिरीचे ढीग मुंबईच्या गाडीत चढत होते, हमाल ओरडत होते, कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. "कोणाचं काही पडलंय का?" एवढंच ओरडून विचारायचं होतं. तोंड उघडलं आणि परत मिटलं. एवढ्या गर्दीत असं विचारलं, तर दहा हात पुढे येतील आणि त्यातला खरा कोणता हे मला कळणार नाही. हे कारण खरंच होतं, पण पूर्ण नव्हतं. हातात पैसे आले की माणूस आधी पिशवी छातीशी धरतो. मीही तेच केलं, हे सांगितलं पाहिजे.

पंधरा-वीस मिनिटं तिथेच थांबले. खाली बघत, खिसे चाचपत कोणी येतंय का ते पाहिलं. कोणीच आलं नाही. येताना वाटेतल्या एका चौकीत गेले. तिथल्या हवालदारांनी जागा विचारली आणि म्हणाले, "मॅडम, ती जागा आमच्या हद्दीत येत नाही. सकाळी त्या ठाण्यात जा." त्यांनी पिशवी उघडूनही बघितली नाही. नोंद नाही, नाव नाही, काही नाही. आठ वाजून गेले होते, डिकीत परक्याचे पैसे, आणि मी एकटी घराकडे निघाले. त्या रात्री मला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. माणूस देऊन टाकायला गेला असताना त्याला पैशांसकट घरी पाठवायचं म्हणजे त्याच्या गळ्यात एक अख्खी रात्र बांधायची. त्या रात्रीत काय काय होऊ शकतं, हे पुढच्या काही तासांत मला कळलं.

घरी येऊन स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली आणि ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून पैसे मोजले. पाचशेच्या नव्वद, शंभराच्या तेरा, पन्नासाची एक. छेचाळीस हजार तीनशे पन्नास. सोबत वहीचं पान फाडून लिहिलेली एक यादी. नाव नाही, गाव नाही, फोन नंबर नाही.

आमची मुलगी पुण्यात शिकते. तिच्या वसतिगृहाचा दुसरा हप्ता दिवाळीनंतर भरायचा होता, बेचाळीस हजार. त्यातले अठरा जमले होते. म्हणजे तो आकडा समोर आल्यावर माझ्या डोक्यात वजाबाकी आपोआप झाली. मी ठरवून केली नाही, पण झाली.

मिस्टर सातपूरच्या एका कंपनीत आहेत, दुसरी पाळी होती. साडेअकराला आले. पैसे पाहून आधी दचकले, मग खुर्चीत बसून बराच वेळ गप्प राहिले. शेवटी म्हणाले, "अगं, दोन-चार दिवस थांबू. कोणी शोधत आलं तर देऊन टाकू." ते वाईट माणूस नाहीत. रिक्षात राहिलेली दुसऱ्याची छत्रीसुद्धा त्यांनी परत नेऊन दिली आहे. आणि त्यांचं म्हणणं ऐकायला किती रास्त वाटतं! पण मी विचारलं, "शोधत कुठे येईल? आपल्या दाराशी? त्याला आपला पत्ता कुठे ठाऊक आहे?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. थांबू म्हणजे तो येणार नाही अशा जागी बसून त्याची वाट बघायची. चार दिवसांचे आठ दिवस होतात, आठाचा महिना होतो, आणि मग कपाटातले पैसे कधी आपले झाले ते कळतही नाही. कोणी ठरवत नाही, तरी होतं.

माझे वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. १९२८ सालापासून तिथे नोटा छापल्या जातात. आमच्या लहानपणी त्या वसाहतीतल्या कितीतरी घरांतली माणसं प्रेसच्या भोंग्यावर उठायची-बसायची. दादा रोज लाखो रुपयांचे कागद हाताळायचे आणि सुटताना फाटकावर झडती देऊन बाहेर यायचे. लहान असताना मला त्या झडतीचा फार अपमान वाटायचा. एकदा तसं बोललेही. ते म्हणाले, "अगं, झडती आहे म्हणून तर झोप लागते." तेव्हा कळलं नव्हतं. त्या रात्री माझी झडती घेणारं कोणी नव्हतं आणि मला झोप लागत नव्हती.

म्हणून मी उठले आणि नोटांचे नंबर लिहायला घेतले. कुणाला पटकन वाटेल, झेरॉक्सचं दुकान आहे, तर झेरॉक्स काढायची. पण नोटेची झेरॉक्स काढायची नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकतात. नोटेसारखा दिसणारा कागद बनवणं हाच गुन्हा आहे, उद्देश काहीही असो. म्हणून हातानेच लिहिले. पाचशेच्या नोटेवर नंबरातले आकडे डावीकडून उजवीकडे मोठे होत जातात, रात्री चष्म्यातून पहिले तीन-चार नीट दिसतच नाहीत. एकशे चार नंबर लिहायला दीड वाजला. पण मला त्याचा खरा उपयोग वेगळाच झाला. शेवटचा नंबर लिहून खाली सही केली, तारीख घातली, मिस्टरांचीही सही घेतली, आणि डोक्यातली वजाबाकी बंद झाली. लिहून ठेवलेले पैसे मनातल्या मनात खर्च करता येत नाहीत.

पिशवीतली यादी मात्र मी पुन्हा पुन्हा वाचत होते. अक्षर गोल, सुबक, शाईच्या पेनाचं. सुतळी २ बंडल. पंपाचं वायसर. आजीच्या गोळ्या (बीपी). पणत्या १२. रांगोळी, लाल आणि पिवळी. फुलबाज्या. आणि मग, आत्याची साडी (हिरवी नको). खाली रेघ मारून: उरले तर माझा कंपास.

तोवर ते फक्त पैसे होते. ती शेवटची ओळ वाचली आणि ते कुणाचे तरी झाले.

सकाळी मी एक चूक केली, ती सांगते, कारण पुष्कळ जण नेमकी हीच करतील. ठाण्यात जाण्याआधी, माणूस लवकर सापडावा म्हणून, यार्डाबाहेरच्या चहावाल्याकडे गेले. पिकअपवाले सगळे तिथेच चहा पितात. त्याला म्हणाले, "काल इथे कोणाचे पैसे पडले का, पंचेचाळीस-छेचाळीस हजार, चौकशी करा ना." आणि दुकानाचं कार्ड देऊन आले. दुपारी बारापर्यंत दुकानात दोन माणसं येऊन गेली. पहिला म्हणाला, छेचाळीस हजार माझेच, काळ्या पाकिटात होते. दुसरा जरा हुशार निघाला. त्याने पाकिटाचं नाव काढलं नाही, नुसता रडवेला चेहरा करून म्हणाला, "ताई, आई दवाखान्यात आहे." त्याला मी विचारलं, पैशांबरोबर आणखी काय होतं? तो म्हणाला, काही नाही. दोघे गेले, पण दुसऱ्याच्या आईचं खरं असलं तर, हा विचार संध्याकाळपर्यंत टोचत राहिला. आकडा सांगायचा नसतो. पिशवी कसली, सुतळी होती की रबर, सोबत काय होतं, यातलं काहीच सांगायचं नसतं. काहीतरी सापडलंय आणि कुठे यायचं, एवढंच सांगायचं. बाकीचं त्याने सांगायचं.

माझी भाची वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला फोन केला तर आधी ओरडलीच. "मावशी, तू अजून ठाण्यात गेली नाहीस?" मग समजावून सांगितलं. जुन्या दंड संहितेत कलम ४०३ होतं, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते ३१४ झालं. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपलीशी करणं. कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद, आणि दंड. मी म्हटलं, अगं पण सापडलेली वस्तू उचलणं हा काय गुन्हा? ती म्हणाली, उचलणं नाहीच. कायद्यातच उदाहरण दिलंय: हमरस्त्यावर रुपया सापडला, कोणाचा ते ठाऊक नाही, उचलला, तर गुन्हा नाही. पण किमती अंगठी सापडली आणि मालक शोधायची काही खटपट न करता लगेच विकली, तर गुन्हा. उचलताना मनात काय होतं आणि उचलल्यावर काय केलं, सगळं त्यावर आहे. मालकाला शोधायचा रास्त प्रयत्न करायचा, आणि तो येऊ शकेल एवढा रास्त काळ वस्तू जपून ठेवायची.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, ती मला फार आवडली. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७१. दुसऱ्याची सापडलेली वस्तू ज्याने ताब्यात घेतली, त्याची जबाबदारी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू सांभाळणाऱ्यासारखीच. म्हणजे तो शेतकरी, तोवर मी त्याला शेतकरीच म्हणू लागले होते, त्याने जणू ती पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, ताई, जरा धरा, आलोच.

दोन वाजता ठाण्यात गेले. या वेळी योग्य ठाण्यात. ठाणे अंमलदार साहेबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, एका महिला शिपायाला बोलावलं, आणि दोन पंच आले. टेबलावर नोटा पसरून पुन्हा मोजणी. माझी नंबरांची यादी पाहून ते म्हणाले, "हे बरं केलंत, आमचा तासभर वाचला." पंचनाम्यात सगळं लिहिलं: किती रुपयांच्या किती नोटा, पिशवीवर काय छापलंय, सुतळीचा रंग, चिठ्ठीतल्या ओळी किती. स्टेशन डायरीत नोंद झाली. मूळ चिठ्ठी पंचनाम्याला जोडली. तिची एक झेरॉक्स मी सकाळीच काढून ठेवली होती, ती माझ्या पर्समध्ये राहिली. पैसे पाकिटात सील होऊन मुद्देमाल कारकुनाकडे गेले आणि मला पोच मिळाली. पोच मागून घ्यावी, न लाजता. मी संकोचत होते, की यांच्यावर विश्वास नाही असं वाटेल. साहेबच म्हणाले, घेतलीच पाहिजे.

कोणी आलंच नाही तर काय, हेही मी विचारलं. ते म्हणाले, दंडाधिकाऱ्यांना कळवतो, जाहीरनामा निघतो, हक्क सांगायला सहा महिने मिळतात. तोवरही कोणी आलं नाही तर सरकारजमा. ज्याला सापडले त्याला मिळतात अशी बऱ्याच जणांची समजूत असते, मिळत नाहीत. मिस्टरांना हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा जरा उतरला, आणि मग त्यांनाच त्याचं वाईट वाटलं.

ठाण्यातून निघून मी पुन्हा त्या चहावाल्याकडे गेले. म्हटलं, दादा, सकाळी मी जो आकडा बोलले तो विसरा. पिकअपवाल्यांना फक्त एवढं सांगा, की यार्डाबाहेर काल ज्याचं काही हरवलं असेल त्याने अमुक ठाण्यात जावं. पिकअपवाले म्हणजे या भागातलं टपालखातंच आहे. एका गाडीत चार-पाच शेतकऱ्यांचा माल येतो, ड्रायव्हर रोज त्याच गावांत जातो, कोणाच्या घरी काय चाललंय ते त्याला माहीत असतं. कागदावर लिहून खांबाला चिकटवलं असतं तर काही झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ठाण्यातून फोन आला. एक जण आलाय, तुम्ही पण या.

दिंडोरीच्या पलीकडच्या एका खेड्यातला माणूस. चाळिशीचा असेल. दोन रात्री झोपला नव्हता हे सांगायची गरज नव्हती. साहेबांनी विचारलं, किती होते? "पंचेचाळीस-छेचाळीस आसंल साहेब, मोजले नव्हते." माझ्या पोटात गोळा आला. हाच आकडा मी बोलून बसले होते. म्हणजे माझ्याच चुकीमुळे आता खऱ्या माणसाचं खरं उत्तरसुद्धा संशयाचं झालं होतं. साहेबांनाही ते कळलं, ते काही बोलले नाहीत. तेवढ्यात त्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून तीन पट्ट्या, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या, काढल्या. तीन खेपांच्या टोमॅटोच्या, व्यापाऱ्याने तिन्हीचे पैसे त्या दिवशी एकदम दिले होते. हमाली वजा जाऊन तिन्ही पट्ट्यांची बेरीज सत्तेचाळीस हजार पाचशे पन्नास. "आणि गाडीभाडं किती दिलं?" बाराशे. साहेबांनी कागदावर वजाबाकी मांडली. छेचाळीस हजार तीनशे पन्नास.

तरी त्यांनी विचारलं, सोबत काही होतं? "चिठ्ठी व्हती. सामानाची." काय काय? त्याला आठवेना. पंपाचं वायसर म्हणाला, सुतळी म्हणाला, आईच्या गोळ्या म्हणाला. आणि म्हणाला, बहिणीला साडी. साहेबांनी चिठ्ठी पाहिली आणि मान हलवली. "यात आई पण नाही आणि बहीण पण नाही."

तो एकदम गप्प झाला. मला बोलावंसं वाटत होतं, पण महिला शिपायाने डोळ्यांनीच थांबवलं. मग त्याचा चेहरा बदलला. "लेकीनं लिहिलंय, साहेब. तिची आजी. तिची आत्या."

घरी फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. सातवीतली मुलगी. साहेब म्हणाले, बाळा, पप्पांना दिलेल्या यादीत काय काय लिहिलं होतंस? तिने कविता म्हणावी तशी धडाधड म्हटली. सुतळी दोन बंडल, पंपाचं वायसर, आजीच्या बीपीच्या गोळ्या, पणत्या बारा, रांगोळी लाल आणि पिवळी, फुलबाज्या, आत्याची साडी, हिरवी नको, आत्याकडे दोन हिरव्या आहेत. मग थांबली. शेवटची ओळ सांगावी की नाही, असं तिला झालं असावं. हळूच म्हणाली, "आणि उरले तर कंपास." खोलीत कोणी काही बोललं नाही.

अर्ज, आधार कार्डाची प्रत, पट्ट्यांच्या प्रती, पंचांसमोर सील फोडून पुन्हा मोजणी, ताबा पावतीवर त्याची सही. साहेब मला म्हणाले, तुमचीही साक्षीदार म्हणून सही लागेल. सगळं मिळून दीड तास गेला. पैसे हातात आल्यावर त्याने मोजले नाहीत. पिशवीची सुतळी तेवढी पुन्हा पक्की आवळली.

बाहेर आल्यावर त्याने माझ्यापुढे पाचशेच्या दोन नोटा धरल्या. मी घेतल्या नाहीत. घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. कोणी बक्षीस जाहीर केलं असेल तर ते मागायचा हक्क त्याच १८७२च्या कायद्याने दिलेला आहे, आणि कुणाला हजार रुपयांची गरज असू शकते, मला तर होतीच. पण ती पिशवी दोन रात्री माझ्या डोळ्यांसमोर होती आणि त्यातल्या प्रत्येक नोटेचा नंबर माझ्या हाताने लिहिलेला होता. माझ्याने घेववेना. दादा असते तर मला काय म्हणाले असते, ते आठवत राहिलं.

मुलीच्या वसतिगृहाचा हप्ता आम्ही पतपेढीतून थोडं कर्ज काढून भरला. ते अजून फिटायचं आहे.

दुकानात आता एक वही ठेवली आहे. लोक मूळ कागद मशीनवरच विसरून जातात: मार्कशीट, सातबारा, आधार. पूर्वी मी ते गल्ल्याखाली सारून ठेवायची. आता तारीख, वेळ, काय सापडलं ते लिहिते आणि येणाऱ्याला आधी विचारते, तुमचं काय होतं ते सांगा.

त्या दिवशी ठाण्याच्या फाटकात तो चाचरत म्हणाला, "ताई, ती चिठ्ठी मिळंल का? सामान घ्यायचंय. परवा परत यायला जमायचं नाही." मूळ चिठ्ठी पंचनाम्याला लागली होती, ती मिळणार नव्हती. मी पर्स उघडून झेरॉक्स काढून दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी पाहिली, नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

"साडी कुठं बरी मिळंल?"

म्हटलं, इथून रिक्षाने रविवार कारंजाला उतरा, मेन रोडला लागा, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं आहेत. तो निघाला. चार पावलं गेला असेल, तर मी मागून हाक मारली.

"भाऊ, हिरवी नको."

त्याने खिशावर हात ठेवला आणि मान डोलावली.